वाद वर नेण्याचा अधिकार

यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतीप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मी घेतलेला विषय आपल्या घराघरांत रोज संध्याकाळी बोलला जातो, व्यासपीठावर मात्र क्वचितच येतो. नोकरी करणाऱ्या एकाच माणसाला दोन वरिष्ठ एकमेकांना छेद देणारी कामे सांगतात. एकाचे ऐकले तर दुसरा नाराज, दुसऱ्याचे ऐकले तर पहिला. अशा माणसाने काय करावे? आजवर त्याला जो सल्ला मिळत आला आहे तो सगळा त्याच्या स्वभावाला उद्देशून आहे. गोड बोल, दोघांना धरून राहा, डोके शांत ठेव. या सल्ल्यात वाईट काही नाही, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दोन वरिष्ठांमधला वाद मिटवणे हे खालच्या माणसाचे काम आहे. हे गृहीतच मला मान्य नाही. वाद ज्यांचा आहे त्यांच्यापर्यंत तो उघडपणे नेणे एवढे खालच्या माणसाचे काम आहे, आणि तो तिथे मिटेल अशी जागा तयार ठेवणे हे वरच्यांचे. हे मला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या दाखल्यांवरून मांडायचे आहे.

सुरुवात यशवंतरावांपासूनच करावी लागते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या सरकारने तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शेती, शिक्षण, आरोग्य, रस्ते अशी जी कामे तोवर सरकारी खाती आपापल्या साहेबांमार्फत करत होती, त्यांतली बरीचशी निवडून आलेल्या माणसांच्या हाती गेली. त्याच वेळी कर्मचाऱ्यांवर मुख्य कार्यकारी अधिकारी, गटविकास अधिकारी आणि खातेप्रमुख ही प्रशासनाची उतरंड कायम राहिली. म्हणजे गावपातळीवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला त्या दिवसापासून दोन बाजूंनी उत्तर देणे आले. एका बाजूला लोकांनी निवडून दिलेला पुढारी, दुसऱ्या बाजूला नियमाने बांधलेला अधिकारी. हे नजरचुकीने घडलेले नाही. लोकांची इच्छा आणि कायद्याची शिस्त या दोन्हींची गरज आहे आणि कोणत्याही एकाच्या हाती सगळे देणे धोक्याचे आहे, हा विचार त्यामागे होता. पुढे व्यवस्था निर्दोष आहे असे मानून राज्य गप्प बसले नाही. १९७० मध्ये बोंगिरवार समिती आणि १९८४ मध्ये सांगलीच्याच प्राचार्य पी. बी. पाटील यांच्या अध्यक्षतेखालची समिती नेमून तिची झाडाझडती घेतली गेली. दुहेरी उत्तरदायित्वाचा मूळ सांगाडा मात्र टिकला, आणि तो टिकला हे चांगलेच झाले असे मी म्हणेन.

आता ग्रामसेवकाकडे जवळून पाहू. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे ठरले, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात, मीही तसेच म्हणतो. त्याची नेमणूक जिल्हा परिषदेची, पगार तिथला, बदली आणि निलंबनही तिथले. काम मात्र ग्रामपंचायतीचे, म्हणजे सरपंचाबरोबर बसून. मार्च महिना आला की पंचायत समितीच्या आढावा बैठकीत घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या वसुलीची टक्केवारी विचारली जाते, आणि ज्याचा आकडा कमी त्याला सर्वांसमोर उभे केले जाते. गावात सरपंच सांगतात, यंदा पाऊस नाही, लोकांच्या हातात पैसा नाही, नळ तोडायला जाऊ नका. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. वसुली नसेल तर पाणीयोजनेचे वीजबिल कशातून भरायचे? आणि माण, खटाव किंवा जत, आटपाडीच्या कोरड्या गावात दुष्काळाच्या वर्षी सक्तीने वसुली करणे लोकांना पटेल का? घरकुलाचेही असेच. गटविकास अधिकाऱ्याला वर्षाअखेर उद्दिष्ट पुरे झालेले हवे, सरपंचाला आपल्या वस्तीतले नाव वर हवे, ग्रामसभेला तिसरेच कुटुंब खरे गरजू वाटते, आणि यादीचा मूळ आधार तर २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेचा. या चौघांच्या मधोमध एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्यासमोर संगणकाच्या पडद्यावर नाव भरायची रिकामी चौकट असते.

अशा वेळी तो काय करतो, हा निरीक्षणाचा विषय आहे. अमेरिकेत रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या नोकरदारांनी सांगितले होते की वेगवेगळ्या अपेक्षा धरणाऱ्या दोन बाजूंच्या कात्रीत आपण सापडतो. त्या अभ्यासातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे निरीक्षण. असा माणूस हळूहळू त्या वरिष्ठांशी बोलणेच कमी करतो, त्यांच्यापासून दूर सरतो. म्हणजे जिथे सर्वांत जास्त बोलायला हवे तिथेच तोंड बंद होते. दोन्ही वरिष्ठांना वाटते आपले काम होते आहे, कारण दोघांनाही होकारच मिळालेला असतो. प्रत्यक्षात खालचा माणूस मनातल्या मनात निवाडा करून मोकळा झालेला असतो. एकाचे काम आज, दुसऱ्याचे पुढच्या आठवड्यात, तिसऱ्याचे नुसते कागदावर. मायकेल लिप्स्की या राज्यशास्त्रज्ञाने १९८० मध्ये दाखवून दिले की लोकांशी थेट संबंध येणारे कर्मचारी कामाचा ताण सोसण्यासाठी जे असे आडाखे बांधतात, तेच शेवटी सरकारचे खरे धोरण होऊन बसते. मंत्रालयात काहीही ठरो, गावात चालते ते या आडाख्यानेच.

यात बिघडले काय, असे कोणी विचारेल. काम तर निघते आहे. बिघडते ते कुठे, हे पाहण्यासाठी कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात जावे. साखर कारखान्याच्या गट कार्यालयात शेतकी खात्याचा सर्वांत खालचा माणूस असतो, त्याला आपल्याकडे चिटबॉय म्हणतात. कुणाच्या शिवारात टोळी घालायची आणि कुणाच्या उसाला आज तोडणीची चिठ्ठी द्यायची, हे त्याच्या हातून होते. शेतकी अधिकाऱ्याचे सांगणे असते, नोंदीच्या तारखेप्रमाणे चला. आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा, जसा क्रम लावला असेल तसा. चीफ केमिस्टला साखरेचा उतारा हवा असतो, त्यामुळे ज्या फडाला साखर भरली तो आधी यावा आणि तोडलेला ऊस शिळा न होता चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, ही त्याची अपेक्षा. चीफ इंजिनिअरला गाळप अखंड चालायला हवे. गाडीअड्डा रिकामा पडून नो-केन झाले की त्याचा जीव खालीवर होतो, त्यामुळे क्रम कोणताही असो, जवळचा आणि लवकर भरणारा ऊस पाठवा म्हणून त्याचा निरोप येतो. शिवाय संचालकांचा फोन असतो, आमच्या गावातल्या अमक्याची लेकीच्या लग्नाची अडचण आहे, त्याचा फड आठवड्यात मोकळा करा. आणि टोळीच्या मुकादमाला टनावर मजुरी मिळत असल्याने उभा, वजनदार, रस्त्याकडेचा ऊस हवा असतो. पडलेल्या, आतल्या, चिखलातल्या फडात जायला त्याची टोळी तयार नसते, गेली तर शेतकऱ्याकडून खुशाली मागते.

या प्रत्येकाची मागणी कुठल्या ना कुठल्या खऱ्या गरजेतून आलेली आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण आपण लगेच एकाला खलनायक ठरवतो. महाराष्ट्रात उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, शेतकऱ्याला मात्र पैसे त्याच्या उसाच्या वजनावर मिळतात. त्यामुळे साखर वाढवणे हे कारखान्याचे हित आणि वजन टिकवणे हे शेतकऱ्याचे. दोन्ही हिते एकाच फडात एकाच दिवशी जुळतीलच असे नाही. हा विरोध चिटबॉयने निर्माण केलेला नाही, तो हिशेबाच्या पद्धतीतच आहे. तरीही तो मिटवायची वेळ त्याच्यावर येते, आणि तो मिटवतो. त्याने चौघांना होकार दिलेला असतो, म्हणून कुणाला तरी मागे ठेवणे भाग पडते. मागे राहतो तो ज्याचा फोन येत नाही तो. एक एकर आडसाली लावलेला, बांधाच्या आत अडकलेला, संचालकाची ओळख नसलेला शेतकरी. त्याच्या उसाला तुरा येतो, कांडी पोकळ होते, वजन घटते, आणि हंगामाच्या शेवटी उन्हात त्याचा फड तुटतो. कुणीही त्याला मागे ठेवायचा निर्णय घेतलेला नसतो. कागदावर तसा निर्णय शोधायला गेलात तर सापडणार नाही. माझ्या सगळ्या युक्तिवादाचे मूळ इथे आहे. वरच्यांमधला वाद खाली गुपचूप मिटतो, तेव्हा त्याची किंमत वादात नसलेल्या, आवाज नसलेल्या माणसाकडून वसूल होते, आणि दाद मागायला त्याच्यापाशी एक कागदही नसतो.

यावर पहिला उपाय सुचतो तो सरळ आहे. एका माणसाला एकच साहेब ठेवा. फ्रान्सच्या खाण कंपनीचे प्रमुख आंरी फायोल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली त्यांत हे एक ठळक तत्त्व होते, कर्मचाऱ्याला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. त्याआधी १९०३ मध्ये फ्रेडरिक टेलर यांनी नेमके उलटे सुचवले होते. एका कामगारावर आठ प्रकारचे मुकादम, प्रत्येकजण आपापल्या विषयापुरता. कारखान्यांनी एकंदरीत फायोल यांची बाजू घेतली आणि आपल्या कचेऱ्याही त्याच साच्यात घडल्या. पण जिल्हा परिषदेला फायोल यांचा नियम लावून पाहा. ग्रामसेवकावर फक्त गटविकास अधिकाऱ्याचा हुकूम चालायचा ठरवले तर गावाने निवडलेला सरपंच नामधारी होतो. फक्त सरपंचाचा चालायचा ठरवले तर गावातल्या दुबळ्या वस्तीला कायद्याचा आधार राहत नाही. उसाच्या बाबतीत फक्त केमिस्टचे ऐकले तर सभासदांच्या मालकीचा कारखाना सभासदालाच परका होईल. काही ठिकाणी दोन अपेक्षा असतात कारण दोन मूल्ये खरोखर जपायची असतात. तिथे एकच साहेब ठेवणे म्हणजे एक मूल्य सोडून देणे. त्यामुळे हा उपाय सोपा असला तरी मी तो नाकारतो.

मग वाद राहणारच, आणि तो मिटवण्याची रीत शोधायला हवी. मेरी पार्कर फॉलेट या बॉस्टनच्या विचारवंत बाईंनी १९२५ च्या सुमारास दिलेल्या व्याख्यानांत एक विचार मांडला, तो मला आजही ताजा वाटतो. हुकूम माणसाचा नसावा, परिस्थितीचा असावा, आणि साहेब व हाताखालचा माणूस या दोघांनीही त्या परिस्थितीचाच हुकूम मानावा, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकायला हे हवेतले वाटते. प्रत्यक्षात ते कसे दिसते, याचा फार चांगला दाखला पाटण तालुक्यात उभा आहे. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी, आणि त्या एकाच पाण्याकडे तीन खात्यांची तोंडे लागलेली. विजेला ते पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे हवे. तिकडे गेलेले पाणी वाशिष्ठीला मिळते, परत कृष्णेत येत नाही. सिंचनाला तेच पाणी राखून उन्हाळ्यात पूर्वेकडे हवे, कारण टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना आणि नदीकाठच्या पाणीपुरवठा योजना त्यावर उभ्या आहेत. आणि सांगलीत कृष्णेच्या काठी राहणाऱ्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये धरणात रिकामी जागा हवी, म्हणजे पूर थोपवता येईल. धरण भरलेले हवे आणि रिकामेही हवे, या दोन अपेक्षा एकाच आठवड्यात समोर येतात.

आता कल्पना करा की हा वाद मिटवायचे काम धरणावरच्या रात्रपाळीच्या अभियंत्यावर सोडले असते. वीज खात्याचा फोन, सिंचनाचा फोन, सांगलीच्या नेत्याचा फोन, आणि त्याने सगळ्यांना धरून राहायचे. असे केलेले नाही, कारण चुकले तर काय होईल हे सर्वांना ठाऊक आहे. पश्चिमेकडे किती पाणी वळवता येईल याची मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, वर्षाला ६७.५ टीएमसी अशी ठरवून दिली, आणि हे वर्ष १ जून ते ३१ मे असे मोजायचे हेही ठरवले. पावसाळ्यात कोणत्या तारखेला धरणात किती पाणी असावे याचे वेळापत्रक आहे. पायथा वीजगृहातून किती सोडायचे, सहा वक्राकार दरवाजे कधी आणि किती उचलायचे, त्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा कसा द्यायचा, हे ठरलेले आहे. रात्री दोन वाजता दरवाजा उचलणाऱ्या माणसाने वीज मोठी की शेती, हा प्रश्न सोडवायचा नसतो. तो प्रश्न त्याच्या आधी, त्याच्या वर, दिवसाउजेडी, सर्व बाजू समोर बसवून सोडवलेला असतो. त्याने पातळी बघायची आणि ठरल्याप्रमाणे करायचे. फॉलेटबाई ज्याला परिस्थितीचा हुकूम म्हणत होत्या तो हाच.

इथे सांगलीकर श्रोते मला अडवतील, आणि त्यांनी अडवलेच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. वेळापत्रक होते, नियम होते, तरी शहर बुडाले. मग लिहिलेल्या नियमाचा उपयोग काय? उत्तर देताना मी त्या पुराची कारणे दोन वाक्यांत गुंडाळणार नाही. असाधारण पाऊस, नदीच्या पूररेषेत वाढलेली वस्ती, खालच्या बाजूचा फुगवटा या सगळ्यांवर बराच वाद आहे. पण एक गोष्ट पाहा. पुरानंतर निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २०२० मध्ये तिचा अहवाल आला, धरणे कशी चालवली याची तारीखवार तपासणी करता आली. ती करता आली याचे कारण निर्णय कागदावर होते. नियम चुकीचा असेल तर तो दाखवून बदलता येतो. ज्या निवाड्याची नोंदच नाही तो बदलणार कसा? तुरा आलेल्या त्या एक एकर उसावर चौकशी समिती बसवायची म्हटली तर ती काय तपासणार?

दुसरा दाखला शाळेचा, आणि तो अर्धवट यशाचा आहे म्हणून अधिक शिकवणारा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला मतदार यादीसाठी बीएलओ नेमले की तहसील कार्यालय आणि गटशिक्षणाधिकारी अशा दोन ठिकाणांहून त्याला कामे येतात. ही ओढाताण कायद्याने ओळखली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चे कलम १३ सीसी म्हणते की मतदार यादीचे काम करणारा कर्मचारी त्या काळापुरता निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर समजला जाईल आणि आयोगाच्या नियंत्रणाखाली राहील. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत. आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात शिक्षकांना असे काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावे असे सांगितले. नियंत्रण कोणाचे, हे ठरले. कोणते काम चालेल, हेही ठरले. तरीही शिक्षक ओढाताणीतच आहे, कारण या काळात शाळेतले नेमके काय खाली ठेवायचे हे कोणीच सांगत नाही. चौथीचा वर्ग, शालेय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणे, यांतले काय थांबवू, असे त्याने विचारले की उत्तर येते, सगळेच करा. नवे काम सोपवणाऱ्याने जुन्यातले काय थांबवायचे तेही सांगितले पाहिजे. एवढी एक अट आपल्या कार्यालयांनी पाळली तरी निम्मा ताण आपोआप उतरेल, असे मला खात्रीने वाटते.

आता कर्मचाऱ्याच्या बाजूकडे येतो. वाद वर न्यायचा म्हणजे भांडायचे नाही. दोन्ही वरिष्ठांना एकच मजकूर, एकाच वेळी, साध्या भाषेत कळवायचा. आपण सांगितलेले हे काम आणि यांनी सांगितलेले ते काम एकाच दिवशी येत आहेत, पहिले केले तर दुसऱ्याला इतका उशीर होईल आणि त्याचा परिणाम अमुक लोकांवर होईल, आदेश मिळेपर्यंत मी पहिले करत आहे. शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे, कारण त्यामुळे काम अडत नाही आणि जबाबदारी झाकलीही जात नाही. हे करायला नवीन हक्क मागावा लागत नाही. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत म्हटले आहे की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी द्यावा लागला तर त्याने लगेच लेखी दुजोरा द्यावा, आणि कर्मचाऱ्यानेही तो मागून घ्यावा. महाराष्ट्राच्या १९७९ च्या नियमांचा रोखही तोच आहे. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तोंडी आदेशांवर चालण्याच्या सवयीवर बोट ठेवले आणि असे आदेश नोंदवून ठेवण्यावर भर दिला. ग्रामपंचायतीत तर ही युक्ती रोजच्या व्यवहारातच आहे. ग्रामनिधीच्या खात्यातून पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागते. एकाचे पटले नाही तर पैसा हलत नाही आणि वाद टेबलावर येतो. पैशाबाबत आपण जी काळजी घेतली ती माणसाच्या वेळेबाबत घेतली नाही, एवढाच फरक.

यावर एक आक्षेप आहे तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्या भागातले सार्वजनिक जीवन सांभाळून घेण्यावर उभे राहिले आहे, असे म्हणणारे लोक अनुभवी आहेत. सहकारी कारखाना असो, बँक असो, दूध संघ असो, वसंतदादांच्या पिढीने माणसे जोडून कामे उभी केली. प्रत्येक मतभेदाला कागद लावत बसले असते तर काहीच उभे राहिले नसते. हे खरे आहे. पण त्या पिढीत सांभाळून घेणारा कोण होता, हे पाहायला हवे. तो वर बसलेला होता. दोन गावांचा, दोन गटांचा, दोन खात्यांचा वाद समोर घेऊन, दोघांना बोलावून, एकाला आज आणि दुसऱ्याला उद्या असे सांगण्याची ताकद त्याच्यात होती, आणि त्याचा शब्द दोघांना मान्य होता. आज सांभाळून घ्यायला सांगितले जाते ते ज्याच्यापाशी शब्द नाही, पद नाही, कधीकधी कायम नोकरीही नाही त्याला. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू केले, आणि गृहमंत्री असताना २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम. गावातले तंटे गावात, सर्वांसमोर, समितीपुढे मिटावेत, ही त्या मोहिमेमागची कल्पना. बांधाचा वाद आणि भावकीचा वाद मिटवायला आपण जागा केली. त्याच गावात ग्रामसेवकाला, अंगणवाडी सेविकेला, आरोग्यसेविकेला येणाऱ्या दोन खात्यांच्या वादाला मात्र अशी जागा मिळालेली नाही.

दुसरा आक्षेप त्या दुबळ्या नोकरीतूनच येतो आणि त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकेन असे नाही. कायम नोकरीतला ग्रामसेवक लेखी कळवू शकेल, त्यालाही बदलीची भीती आहेच, पण आशा स्वयंसेविकेने काय करावे? २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या या बाईला बहुतेक मोबदला कामाप्रमाणे मिळतो. तिला आरोग्यसेविका काम सांगते, गटप्रवर्तक सांगते, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर सांगतात, ग्रामपंचायतीची समिती सांगते. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघर तपासणी करायची होती, तेव्हाही बाळंतिणीकडे जाणे, लसीकरणाच्या याद्या, क्षयरुग्णांच्या गोळ्या थांबल्या नव्हत्या. तिने वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र लिहावे असे सांगणे म्हणजे पुन्हा सगळा भार तिच्यावर टाकणे. ज्याचे पद असुरक्षित आहे त्याच्याकडून निर्भयतेची अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे इथे विचारण्याची जबाबदारी उलट दिशेला गेली पाहिजे. वरिष्ठाने विचारावे. आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीत, आकड्यांचा आढावा सुरू होण्यापूर्वी, या महिन्यात कोणती दोन कामे एकमेकांच्या आड आली, हा प्रश्न घ्यावा. उत्तर एकटीने द्यायचे नाही, सगळ्यांनी मिळून द्यायचे, म्हणजे नाव एकीवर येत नाही. जे तिथे मिटेल ते डॉक्टरांनी मिटवावे आणि इतिवृत्तात लिहावे. जे दोन खात्यांमधले आहे ते तालुक्याच्या बैठकीत न्यावे.

कारण तालुक्याला हे सगळे साहेब एकाच गावात बसतात. तहसीलदार, गटविकास अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी यांच्या कचेऱ्यांमधले अंतर बहुतेक ठिकाणी चालत जाण्याइतके असते. त्यांचे परिपत्रक मात्र वेगवेगळ्या वाटेने एकाच गावात, एकाच माणसाच्या मोबाइलवर येऊन पडते. सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि सांगलीत १०. या २१ ठिकाणी दर महिन्याला हे चार अधिकारी अर्धा तास एकत्र बसले, खालून आलेले आड येणारे हुकूम समोर ठेवले, या महिन्यात कोणते काम आधी आणि कोणते थांबवायचे ते ठरवून चौघांच्या सहीने एक पान गावोगाव पाठवले, तर त्यासाठी नवा कायदा, नवे पद किंवा निधी लागणार नाही. साखर कारखान्यांनाही हे करता येईल. शेतकी, उत्पादन आणि इंजिनिअरिंग या खात्यांनी हंगामात दर आठवड्याला मिळून तोडणीचा क्रम ठरवावा आणि तो गट कार्यालयाच्या फलकावर शेतकऱ्याच्या नावानिशी, नोंदीच्या तारखेनिशी लावावा. क्रम मोडला तर का मोडला आणि कोणाच्या सांगण्यावरून, तेही त्याच फलकावर लिहावे. येत्या गळीत हंगामाच्या मोळी पूजनाच्या दिवसापासून हे सुरू करता येईल. या सभागृहात कारखान्यांचे संचालक बसले आहेत, जिल्हा परिषदेचे अधिकारी आहेत. माझी त्यांना विनंती आहे की पहिल्या महिन्याचे ते एक पान आणि पहिल्या आठवड्याचा तो फलक त्यांनी स्वतः तयार करावा, हे काम खाली सोपवू नये.